बेथेल गाव आणि शेषाद्री बंधू : धर्मांतराच्या प्रयत्नांचा राग नेमका कोणाला आणि कशाचा?

(१)
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ एक नवे गाव वसले. त्याचे नाव बेथेल. शब्द मूळचा हिब्रू, अर्थ ‘देवाचे घर’. गावासाठी जमीन मिळाली ती हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. गाव वसवले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. आणि तेथे राहावयास आली ती मुख्यतः मातंग कुटुंबे, ज्यांना त्या काळच्या नोंदींत ‘मांग’ म्हटले आहे. राज्य निजामाचे, पाद्री ब्राह्मण कुळातला आणि ख्रिस्ती झालेले लोक गावकुसाबाहेरचे.

(२)
धर्मांतराच्या प्रयत्नांविषयी लोकांना राग का येतो, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. एक : परके आले, त्यांनी आमिष दाखवले, म्हणून लोक चिडले. दुसरे : वरच्या जातींचा स्वार्थ दुखावला, म्हणून त्या चिडल्या. शेषाद्रींच्या घराण्याची आणि बेथेलची हकिकत पाहिली की दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागतात. राग एक नव्हता. प्रत्येक रागामागे वेगळे काही गमावल्याची भावना होती.

(३)
थोडी पार्श्वभूमी. ईस्ट इंडिया कंपनीला आरंभी मिशनरी नकोच होते. धर्माला हात घातला तर व्यापार आणि राज्य दोन्ही अडचणीत येतील, ही तिची धास्ती. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडले. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी कोकणात काम करू लागले आणि १८२९ मध्ये जॉन विल्सन मुंबईत दाखल झाले. त्यांच्या शाळांत इंग्रजी शिक्षण उत्तम मिळे. नव्या राज्यात नोकरी हवी, तर इंग्रजी हवे. म्हणून ब्राह्मण, प्रभू, पारशी अशा सर्व घरांतून मुले तेथे जाऊ लागली.

(४)
येथेच पहिला अलिखित करार झाला. पालकांच्या समजुतीप्रमाणे तो विद्येपुरता होता. मिशनऱ्यांच्या समजुतीप्रमाणे विद्या ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट होती. दोघांनीही आपापला हेतू फारसा लपवला नव्हता. पण पालक मनाशी म्हणत, ‘आपला मुलगा काही बाटणार नाही.’ हा विश्वास १८३९ मध्ये तुटला.

(५)
त्या वर्षीच्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सन यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. मुंबईत खळबळ उडाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याइतका जाणता आहे, तो हवा तेथे राहू शकतो, असा निकाल लागला. पालकांनी आपली मुले मिशनच्या शाळेतून भराभर काढून घेतली. ही मुले काढणारे लोक ख्रिस्ताच्या शिकवणीवर वाद घालत नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते : मुलगा शिकायला पाठवला होता, द्यायला नव्हे.

(६)
चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. श्रीपत अल्पवयीन असल्याने या वेळी निकाल बापाच्या बाजूने लागला आणि मुलाला घरी पाठवण्यात आले. एक मुलगा गेला, एक परत आला. येथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट येथून सुरू झाली.

(७)
श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्या हातचे जेवला होता. मग तो ब्राह्मण उरला का? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी भूमिका घेतली की प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे. यासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. न्यायालयाने परत दिलेला मुलगा जात परत घ्यायला तयार नव्हती. ज्या समाजाला मूल गमावल्याचा राग होता, त्याच समाजातील एक गट परत आलेल्या मुलासाठी दार लावून बसला होता.

(८)
हे कोडे उलगडण्यासाठी मराठीतल्या एका क्रियापदाकडे पाहावे : ‘बाटणे’. त्याचा अर्थ मत बदलणे असा नाही. त्याचा अर्थ विटाळणे, अशुद्ध होणे. पाणी बाटते, सोवळे बाटते, तसा माणूस बाटतो. मिशनऱ्याच्या लेखी धर्मांतर ही मनात घडणारी गोष्ट होती. समाजाच्या लेखी ती ताटात आणि पाण्यात घडत होती. म्हणून मुलाचे मत काय, हा प्रश्न दुय्यम ठरे. आणि एक माणूस बाटला की त्याच्या बहिणीचे लग्न, भावाची सोयरीक, बापाच्या श्राद्धाचा अधिकार, सगळेच धोक्यात येई. व्यक्तीच्या निर्णयाची किंमत कुटुंब मोजत असे.

(९)
विहिरीत पाव टाकून गावच्या गाव बाटवल्याच्या कथा वसई-गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या याच समजुतीमुळे. त्या कथांमागे पोर्तुगीज राजवटीची खरी आठवणही होती. गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण न्यायसभा होती आणि मधला अल्पकाळ सोडला तर ती १८१२ पर्यंत टिकली. अनाथ हिंदू मुले चर्चच्या ताब्यात देण्याचे फर्मानही तेथे निघाले होते. विल्सन किंवा शेषाद्री यांच्या हाती असली सत्ता नव्हती. पण लोकांच्या स्मृतीत पाद्री म्हटला की आधीचा पाद्रीही उभा राहत असे.

(१०)
१८५० मध्ये सरकारने कायदा केला की धर्म सोडल्याने किंवा जातिबहिष्कृत झाल्याने कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. आजच्या दृष्टीने हा सरळ न्याय वाटतो. तेव्हाच्या हिंदू कुटुंबाला तो विपरीत वाटला. कारण वडिलांची मालमत्ता आणि त्यांना पिंड देण्याचे कर्तव्य ही एकाच गोष्टीची दोन टोके मानली जात. कर्तव्य सोडणाऱ्यालाही वाटा मिळणार, म्हणजे सरकारने तटस्थपणा सोडला, असा अर्थ लोकांनी लावला. धर्मांतर करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मात्र हाच कायदा त्याला उपाशी मरण्यापासून वाचवणारा होता.

(११)
दुसरा राग अपमानाचा होता. मिशनरी बाजारात, जत्रेत उभे राहून देवदेवतांची टवाळी करीत. छापील पत्रके वाटीत. बोलणारा राज्यकर्त्यांच्या जातकुळीचा, ऐकणारा रयत. उत्तर द्यायचे तर कोणत्या बळावर? तरीही उत्तरे दिली गेली. मोरभट दांडेकर यांनी १८३१ च्या सुमारास विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना जाहीर चर्चेत गाठले; त्या वादांचे पुढे पुस्तकही झाले. समोरासमोर, बरोबरीने बोलायला मिळाले तेथे रागाचे युक्तिवादात रूपांतर झाले.

(१२)
आता पुन्हा जालन्याकडे. येथे चित्र उलटे होते. नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात या भागात कामाला लागले तेव्हा त्यांच्याकडे आलेले लोक शाळेत इंग्रजी शिकणारे ब्राह्मणपुत्र नव्हते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी नव्हते, असे ते लोक. ‘बाटणे’ या शब्दाला त्यांच्यापुरता फारसा अर्थ नव्हता. कारण गावाने त्यांना आधीच बाटलेले ठरवले होते. गमावण्यासारखे जे थोडे होते, त्याच्या बदल्यात जमीन, घर आणि अक्षर मिळत होते.

(१३)
मग येथे राग कोणाला येणार? बलुतेदारीची रचना आठवावी. मातंगांनी दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, लग्नात आणि मिरवणुकीत वाद्ये वाजवायची. महारांनी वेस राखायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची. ही कामे धर्माशी आणि वतनाशी बांधलेली होती. यांतला एक माणूस ख्रिस्ती होऊन ‘आता हे काम करणार नाही’ म्हणाला, की गावाचे व्यवहार अडत. मुंबईतला बाप मुलगा गेला म्हणून रडत होता; येथे गाव राबणारे हात गेले म्हणून चिडत असे. दोन्ही ठिकाणी तक्रार ‘धर्म बुडाला’ याच शब्दांत मांडता येई, पण दोन्हींचे वजन सारखे नाही.

(१४)
म्हणून वंचितांच्या धर्मांतरात सगळे चोख होते, असेही नाही. १८७६-७८ आणि १८९६-१९०० या काळातील दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली; आणि त्याच काळात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्याही वाढली. भुकेलेल्याला भाकरी देणाऱ्याने देवही दिला, तर घेणाऱ्याचा होकार कितपत मोकळा? हा प्रश्न विरोधकांनीच नव्हे, काही मिशनऱ्यांनीही विचारला. पण त्याची दुसरी बाजूही आहे : त्या भुकेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणून हिणवणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी त्यांना भाकरी दिली होती?

(१५)
तिसरा राग विश्वासभंगाचा, आणि तो सुधारकांचा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांना शिकवायचे, पण धर्म लादायचा नाही, या आश्वासनावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपल्या प्रार्थनेचे दार मुलींना बंद करणे त्यांना मान्य नव्हते. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. ‘केसरी’ने तर आधीपासूनच टीका आरंभली होती. रमाबाईंच्या दृष्टीने हा विवेकस्वातंत्र्याचा प्रश्न होता, सल्लागारांच्या दृष्टीने दिलेल्या शब्दाचा. नुकसान झाले ते शिक्षण तुटलेल्या विधवा मुलींचे.

(१६)
चौथी वेदना घराच्या आतली. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंना हे आधी विश्वासात घेऊन सांगितलेले नव्हते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते की धर्मांतराचा घाव सिद्धांताला नव्हे, संसाराला बसतो. पुढे टिळकांनाच परकेपणा खुपू लागला. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, हे दाखवण्यासाठी त्यांनी अभंग आणि कीर्तनाचा मार्ग धरला. १९१७ मध्ये मिशनची चाकरीही सोडली.

(१७)
आणि ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या वाट्याला काय आले? घराने परके म्हटले, गावाने बाटगे म्हटले आणि जात चर्चमध्येही पुरती सुटली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केल्यावर अनेक धर्मांच्या प्रतिनिधींनी त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांनी एकवीस वर्षे विचार केला आणि बौद्ध धम्म निवडला. कोणाच्या तरी संख्येत भर म्हणून जाणे त्यांना मान्य नव्हते.

(१८)
स्वतंत्र भारतात हा वाद कायद्याच्या भाषेत आला. संविधानाचे २५ वे कलम धर्माच्या प्रसाराचा हक्क देते. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. रेषा आखली गेली, पण ती नेमकी कोठून जाते यावर आजही वाद आहे. कारण पटवणे कोठे संपते आणि ओढणे कोठे सुरू होते, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने पाहावे लागते.

(१९)
इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणून रागाची बेरीज करू नये, वर्गवारी करावी. फसवणुकीवरचा राग न्याय्य आहे. आपल्या श्रद्धेची टवाळी ऐकून आलेला राग समजण्यासारखा आहे. मूल दुरावल्याचे दुःख खरे आहे, मग मुलाचा निर्णय कितीही मोकळा असो. पण ‘तो माणूस आमचा होता’ या वाक्यात ‘आमचा’ म्हणजे आप्त की आमच्या कामाचा, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

(२०)
शेषाद्री बंधूंच्या हकिकतीतील सर्वांत बोलका माणूस कदाचित नारायण नव्हे, श्रीपत असावा. त्याच्यासाठी पाद्री भांडले, बाप भांडला, न्यायाधीशांनी निकाल दिला, शास्त्री-पंडितांनी वाद घातला. तो कोणाच्या ताब्यात असावा, यावर सगळ्यांचे मत नोंदले गेले. त्याला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न त्या गदारोळात सर्वांत मागे राहिला. धर्मांतराच्या कोणत्याही वादात, जुन्या किंवा नव्या, तो प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.