अंगणातली बोर

मय्यतीच्या गुस्लसाठी पाण्यात बोरीचा पाला घालतात, हे आपल्या मोहल्ल्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हदीसमध्ये त्यासाठी ‘सिद्र’ हा शब्द येतो. अरबस्तानातले सिद्र ही बोरीचीच एक जात. आपली बोर तिची चुलत बहीण म्हणा. इस्लाम दख्खनमध्ये आला तेव्हा सिद्रसाठी अरबस्तानाकडे पाहत बसावे लागले नाही. बोर दारात उभी होतीच.

आणि ती फार आधीपासून उभी होती. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली. तिथे धान्याबरोबर बोराच्या जळक्या बियाही निघाल्या.

बाबर 1526 मध्ये दिल्लीत आला. खरबूज-द्राक्षांसाठी तो झुरत राहिला, हे सगळे सांगतात. पण त्याने ‘बाबरनामा’त बोरीची नोंद केली आहे, ती सहसा कोणी वाचत नाही. तिचे फारसी नाव कुनार, जाती बऱ्याच, बहुतेकींना चव बेताची. पण ग्वाल्हेरकडचे एक बोर त्याला आवडले. त्याहून मोलाचे म्हणजे, ही पाने उन्हाळ्यात झडतात, पावसाळ्यात नवी फुटतात आणि हिवाळा सरताना फळ पिकते, हे त्याने राशींच्या हिशेबाने लिहून ठेवले. परका माणूस, पण झाडाचे वर्ष बघून गेला.

या वेळापत्रकावरच अंगणातले बाकीचे जीव जगतात. कोवळ्या पानांवर काळ्या ठिपक्यांच्या छोट्या पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पावसाळा सरताना हिरवट, बारीक फुले येतात. आपल्याला त्यांचा वास आवडत नाही, माश्या आणि मधमाश्यांना आवडतो. पुढे बुलबुल, खारी आणि पोरे, तिघांची एकाच फांदीवरून भांडणे. काट्यांमुळे मांजर वर चढत नाही, म्हणून घरटीही होतात. शेजारच्या काकूंकडे संक्रांतीला बाळाचे बोरनहाण असले की बोरे आमच्याच अंगणातून जायची. एका घरात पहिल्या वर्षीचे न्हाण, दुसऱ्या घरात शेवटचे; झाड तेच.

मग एकोणिसाव्या शतकात मादागास्करचा गुलमोहर आला. नाव फारसी, त्यामुळे तो आपल्याच बागेतला वाटतो, पण जुन्या फारसी शायरांनी हे झाड पाहिलेलेही नव्हते. दिसतो देखणा, याबद्दल वाद नाही. बाहेरचे ते सगळे वाईट असेही मला म्हणायचे नाही. मिरची आणि पेरू अमेरिकेतून आले, आणि त्यांच्यावाचून आपले चालत नाही. प्रश्न जागेचा आहे. अंगणे आखडली, फरशी आली, उरलेल्या दोन हातांत शोभेची पामझाडे लागली आणि काट्यांचे निमित्त करून बोर तोडली गेली. आता घरात मय्यत झाली की रात्री पाल्यासाठी कब्रस्तानाकडे माणूस पाठवावा लागतो. फुलपाखरांना तर पाठवायला माणूसही नाही.

बोर लावायची तर गावठी बोराची बी पावसाळ्याच्या तोंडावर थेट जमिनीत लावा. तिचे मूळ खोल जाते, म्हणून पिशवीत फार दिवस ठेवू नका. रस्त्याकडच्या फांद्या दर उन्हाळ्यात छाटा. काट्यांची तक्रार तेवढ्याने मिटते, आणि पावसात नवा पाला येतोच.