सीतेची वेणी आणि कोचीनचे साक्षपत्र

ज्येष्ठाच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानातून जाताना एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा भरगच्च घोस खाली लोंबताना आपण पाहिला असेल. त्याचा सुवास मंद असतो. आपल्याकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. आसामात हेच ‘कपौ फूल’. बोहाग बिहूच्या नृत्यात तरुणी ते अंबाड्यात माळतात. सीलोनपासून फिलिपाइन्सपर्यंतच्या अरण्यांत आढळणारी ही आमरी पुष्कळांना बांडगूळ वाटते, पण तो तिच्यावर अन्याय आहे. ती झाडाचा आधार घेते, रस घेत नाही.

ही वनस्पती युरोपच्या ग्रंथांत कशी पोहोचली, ही हकिकत मला फुलाइतकीच वेधक वाटते. सतराव्या शतकात कोचीनला डच कंपनीचा हेंड्रिक व्हान रेडे नावाचा अधिकारी होता. मलबारातूनच गेलेली काही औषधे कंपनी युरोपात महागाने विकत घेई आणि पुन्हा जहाजाने पूर्वेकडे पाठवी. तोवर ती निःसत्त्व होत. रेडेला हा उफराटा कारभार बंद करावयाचा होता. शिवाय कंपनीने कोलंबोपेक्षा कोचीनला महत्त्व द्यावे, असा त्याचा आग्रह होता व त्यासाठी मलबारची संपन्नता सिद्ध करणे त्याला सोयीचे होते. विद्येच्या मोठ्या कार्यामागे असे दप्तरी हेतूही असतात, हे आम्हा सरकारी नोकरांना नवे नाही!

त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ आम्स्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापून निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. झाडे ओळखण्याचे, त्यांचे गुण सांगण्याचे काम मात्र इथल्या माणसांचे. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातील वैद्य. त्याच्या घराण्यात वैद्यकाच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून अनेक कोकणी कुटुंबे कोचीनला येऊन राहिली होती. या चौघांची एप्रिल 1675 मधील साक्षपत्रे पहिल्या खंडात छापली आहेत. भटांचे पत्र कोकणीत आणि नागरी लिपीत आहे. ग्रंथातील अनेक चित्रांवरही कोकणी नावे नागरीत कोरली आहेत. आम्स्टरडॅमच्या ज्या कारागिराने ती अक्षरे तांब्यावर उतरविली, त्याला त्यांतले एकही वाचता येत नसावे.

बाराव्या खंडाच्या आरंभीच आपली वेणी येते, ‘अंजेली मरवर’ या नावाने. अंजिली म्हणजे रानफणस. मलयाळमात मरवाळ म्हणजे झाडावरची केळ. कोणत्या झाडावर शोधावी हेही त्या नावातच सांगितले आहे. हा खंड पाहणे मात्र रेडेच्या नशिबी नव्हते. डिसेंबर 1691 मध्ये कोचीनहून सुरतेस जाताना मुंबईनजीक समुद्रातच तो वारला. सुरतेस त्याची घुमटदार कबर आहे.

पुढे लिनिअसने 1753 मध्ये रेडेच्या वर्णनाचा आधार घेऊन हिला ‘एपिडेंड्रम रेटुसम’ म्हटले. 1825 मध्ये ब्लूमने ‘ऱ्हिंकोस्टायलिस’ ही नवी प्रजाती केली आणि आज ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा’ हे नाव रूढ आहे. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे लिनिअस आणि ब्लूम यांची मुद्रा उमटते. रानफणसावरची ही वनस्पती नेमकी ओळखणारा, तिचे नाव सांगणारा माणूस त्या शिरस्त्यात कोठेच बसत नाही. रेडेने साक्षपत्रे छापली नसती, तर या चौघांची नावेही आपणांस ठाऊक झाली नसती; एवढे श्रेय त्या डच अधिकाऱ्यास दिलेच पाहिजे.

लॅटिनमधल्या या ग्रंथाचे केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून इंग्रजीत भाषांतर केले. केरळ विद्यापीठाने ते 2003 मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर मलयाळम अनुवादही निघाला. इट्टी अच्युतनाच्या घराण्याचे ज्ञान त्याच्याच भाषेत छापून यावयास तीनशेहून अधिक वर्षे लागली.