शोधाचें मोल

मोठ्या शोधांच्या ज्या कथा आपण मुलांना सांगतों, त्यांत प्रयोगशाळा असते, अपयश असतें आणि अखेरीस यशाचा क्षण असतो. त्यानंतर शोधक व कारखानदार यांच्यांत जी घासाघीस होते, ती रुक्ष व्यवहार म्हणून आपण गाळतों. परंतु शोधाचें पुढील दैव पुष्कळदां या घासाघिशींतच ठरतें, असें आम्हांस वाटतें. पाण्याच्या पंपापासून गिरणीच्या यंत्रापर्यंत सर्वत्र फिरणाऱ्या विजेच्या मोटरीचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

१८८० नंतरच्या दशकांत एडिसनच्या कंपन्या अमेरिकेंतील शहरांना एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह पुरवीत. तो मैलभराच्या पलीकडे नेणें परवडत नसे. पिट्सबर्गचे कारखानदार जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं दिशा बदलणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहाचा पक्ष घेतला. गोलार व गिब्ज यांच्या ट्रान्स्फॉर्मरचे अमेरिकेंतील हक्क त्यांनीं विकत घेतले. १८८६ सालीं विल्यम स्टॅन्ली यांनीं ग्रेट बॅरिंग्टन या गांवीं या प्रवाहावर दिवे लावून दाखविले. वीज दूर नेण्याची अडचण मिटली. मात्र या प्रवाहावर दिवे लागत. यंत्रें चालविणारी चांगली मोटर कोणापाशीं नव्हती.

ती दोघांना स्वतंत्रपणें सुचली. दोन प्रवाह एकमेकांच्या किंचित् मागेंपुढें ठेवून वेगवेगळ्या वेटोळ्यांतून सोडले, तर चुंबकीय क्षेत्रच गरगर फिरूं लागतें, व मध्यें ठेवलेला धातूचा दंडगोल त्याच्या मागोमाग फिरतो. त्या दंडगोलाला तार जोडावीच लागत नाहीं. तूरिनचे प्राध्यापक गॅलिलेओ फेरारिस यांनीं हा प्रयोग १८८५ सालीं केला. पण त्यावरील निबंध वाचला तो १८ मार्च १८८८ रोजीं. अशी मोटर व्यवहारांत फारशी उपयोगी पडेल असें त्यांना वाटलें नाहीं. दुसरे निकोला टेस्ला. १८८४ सालीं न्यूयॉर्कला आलेल्या या तरुणानें १८८७ मध्यें पेक व ब्राउन या दोन भागीदारांसह कंपनी काढली. १ मे १८८८ रोजीं टेस्ला यांना मुख्य पेटंटें मिळालीं, व १६ मे रोजीं विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेपुढें त्यांनीं आपलें गाजलेलें व्याख्यान दिलें.

पुढील दोन महिने सौद्याचे होते. वेस्टिंगहाउस यांचे सहकारी बायल्सबी टेस्ला यांची कार्यशाळा पाहून आले. आपली उत्सुकता त्यांनीं मुद्दाम दिसूं दिली नाहीं. पण भागीदारांच्या अटी राक्षसी आहेत, असें त्यांनीं मालकांना कळविलें. पेक हेही व्यवहारांत मुरलेले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, हें त्यांनीं पाहुण्यांच्या कानांवर घातलें. इकडे वेस्टिंगहाउस यांनीं फेरारिस यांचेही अमेरिकेंतील हक्क १ हजार डॉलरांस घेऊन ठेविले, कारण खटला झालाच तर दोन्ही कागद आपल्या पेटींत असावेत. शेवटीं जुलैमध्यें टेस्ला-पक्षाशीं करार झाला. रोख व वचनचिठ्ठ्या मिळून सुमारें ७० हजार डॉलर, शिवाय विकलेल्या मोटरीच्या दर अश्वशक्तीमागें अडीच डॉलर, असें ठरलें.

किंमत भारी आहे, हें वेस्टिंगहाउस यांना कळत होतें. तरी त्यांनीं आपल्या वकिलास लिहिलें, त्याचा आशय असा : प्रत्यावर्ती प्रवाहावर मोटर चालविण्याचा हाच एक व्यवहार्य मार्ग असेल, तर शोधक जो कर बसवितील तो आपण वापरणाऱ्यांकडून सहज वसूल करूं. वाचकांनीं या वाक्याकडे लक्ष द्यावें. करार दोघांचा, पण त्याचा भार उचलणारा तिसरा; आणि तो बैठकीला हजरच नव्हता.

या कराराची एक लोकप्रिय आख्यायिका आहे. १८९० सालीं लंडनची बेअरिंग पेढी अडचणींत आली, त्याचा धक्का अमेरिकेंतही बसला व वेस्टिंगहाउस कर्जदात्यांच्या कचाट्यांत सांपडले. तेव्हां मित्रप्रेमानें टेस्ला यांनीं कराराचे तुकडे केले, अशी हकीकत टेस्ला यांच्या मृत्यूनंतर १९४४ सालीं निघालेल्या ओनील-लिखित चरित्रानें सर्वतोमुखीं केली. अश्वशक्तीमागील रकमेवर टेस्ला यांनीं पाणी सोडलें, हें खरें. परंतु फाडलेल्या कागदाला कोणी भाव देत नाहीं. आणि १८९७ सालीं वेस्टिंगहाउस कंपनीनें हीं पेटंटें २ लक्ष १६ हजार डॉलर देऊन कायमचीं खरेदी केलीं. कारण उघड आहे. १८९६ सालीं तिनें प्रतिस्पर्धी जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं परस्परांचीं पेटंटें वापरण्याचा तह केला होता. त्या तहांत हीं पेटंटें तिचें मोठें शस्त्र होतें. १९०० सालीं न्यायालयानेंही तीं ग्राह्य ठरविलीं.

एकाच कल्पनेचें मोल एकाला हजार डॉलर व दुसऱ्याला दोन लक्षांवर, हें पाहून पुष्कळांना अन्याय वाटेल. आम्हांस तसें पूर्णपणें म्हणवत नाहीं. फेरारिस यांनीं सत्य पाहिलें; टेस्ला यांनीं त्यांतून उपयोग पाहिला आणि तो कागदावर आणला. तथापि किंमत ठरली ती बुद्धीच्या तराजूंत नव्हे, तर गरजवंताच्या घाईनें व खटल्याच्या भीतीनें, हेंही विसरतां कामा नये. त्या तिसऱ्या, गैरहजर पक्षाचें हित एकाच गोष्टीनें राखलें : पेटंटाला मुदत होती. तेव्हां ती १७ वर्षांची असे, आणि १९०५ पर्यंत ती संपली. १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली, तेव्हां त्या मूळ अमेरिकन पेटंटांना संपून दहा वर्षें होत आलीं होतीं. शोधकाला मोबदला मिळावा, कारखानदाराला निर्भयता मिळावी, आणि ठरल्या दिवशीं तें ज्ञान सर्वांचें व्हावें. यांतील शेवटची अट आहे, म्हणूनच पहिल्या दोन समाजाला सोसवतात.