हिरवळीचे पाणी : घरगुती सिंचन व्यवस्थेतील सुधारणा आणि बचत

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास व्हेगास हे शहर वाळवंटात वसलेले असून तेथे वर्षभरात सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही विसाव्या शतकात तेथील घरांपुढे हिरवळीची अंगणे सर्रास तयार करण्यात आली. ही हिरवळ टिकविण्यासाठी लागणारे पाणी कमी कसे करता येईल, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत या शहरासाठी अस्तित्वाचा प्रश्न ठरला. घरगुती हिरवळीच्या सिंचनात सुधारणा केल्याने किती पाणी वाचते आणि कोठे वाचत नाही, हे समजून घेण्यासाठी या शहराचा अनुभव उद्बोधक आहे.

परत न येणारे पाणी

लास व्हेगासला लागणारे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या मीड जलाशयातून मिळते. या नदीच्या पाण्यात नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १३ टीएमसी इतका ठरलेला आहे. घरातील न्हाणीघर, स्वयंपाकघर व शौचालय यांतून बाहेर पडणारे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा याच जलाशयात सोडले जाते आणि जेवढे पाणी परत केले जाते, तेवढे अधिक पाणी उचलण्याची मुभा शहराला मिळते. अंगणातील हिरवळीला दिलेले पाणी मात्र हवेत आणि जमिनीत जाते व शहराच्या हिशेबातून कायमचे वजा होते. त्यामुळे या शहरात पाणीबचतीचा मुख्य भर घराच्या आतील नळांऐवजी अंगणावर देण्यात आला.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मीड जलाशयात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली आणि २०२२ पासून पाणीकपात लागू झाली. त्याआधी जून २०२१ मध्ये नेवाडा राज्याने एक कायदा केला. केवळ शोभेसाठी लावलेल्या हिरवळीला १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. स्वतंत्र घरांच्या अंगणांना या कायद्यातून वगळण्यात आले आहे. तेथे बचतीसाठी अनुदान, वेळापत्रक आणि साधनांची सुधारणा हेच मार्ग उरतात.

पाणी वाया कसे जाते

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तेथील कुटुंब दिवसाला सरासरी ३०० गॅलन, म्हणजे सुमारे १,१३५ लिटर पाणी वापरते. यापैकी सुमारे ३० टक्के पाणी घराबाहेर खर्च होते. सदोष सिंचनामुळे घराबाहेरील पाण्याचा निम्म्यापर्यंतचा भाग वाऱ्याने, बाष्पीभवनाने किंवा वाहून गेल्याने वाया जाऊ शकतो, असे या संस्थेचे म्हणणे आहे.

यामागील गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पडले, तर ते एक लिटर भरते. साध्या फवारा तोट्या तासाला सुमारे ४० मिलिमीटर पाणी देतात. १०० चौरस मीटरच्या हिरवळीवर असा फवारा गरजेपेक्षा पाच मिनिटे जास्त चालला, तर प्रत्येक वेळी ३०० लिटरहून अधिक पाणी वाया जाते. चिकणमातीची जमीन तासाला जेमतेम पाच मिलिमीटर पाणी शोषू शकते. उरलेले पाणी उतारावरून रस्त्यावर जाते.

सुधारणांचा क्रम

पहिली सुधारणा बिनखर्चाची आहे. सरळ कडांचे सारखे डबे हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवून फवारे १५ मिनिटे चालवावेत आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची मोजावी. काही डब्यांत दुप्पट पाणी आढळल्यास तोट्या तिरक्या झाल्या आहेत, तुंबल्या आहेत किंवा त्यांच्यातील अंतर चुकले आहे, असे समजावे. हा दोष दूर न करता कोरड्या कोपऱ्यासाठी वेळ वाढविली, तर उर्वरित हिरवळीला अकारण जास्त पाणी मिळते.

दुसरी सुधारणा वेळेची. पाणी पहाटे द्यावे आणि बारा मिनिटे सलग देण्याऐवजी चार-चार मिनिटांचे तीन टप्पे करून मध्ये पाणी मुरण्यास अवधी द्यावा. लास व्हेगासमध्ये मे ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते सायंकाळी ७ पर्यंत फवारे चालविण्यास मनाई आहे. हिवाळ्यात आठवड्यातून एकच दिवस पाणी देता येते.

तिसरी सुधारणा तोट्यांची व दाबाची. फवारा तोट्या साधारणपणे ३० पौंड प्रति चौरस इंच दाबासाठी बनविलेल्या असतात. नळातील दाब त्याहून बराच अधिक असल्यास पाण्याचे धुके होऊन ते वाऱ्यावर उडते. दाब नियंत्रित करणाऱ्या तोट्या बसविल्यास हे थांबते. फिरत्या धारांच्या तोट्या तासाला १० ते १५ मिलिमीटर इतक्या सावकाश पाणी देत असल्याने जमिनीला ते शोषता येते. झुडपे व झाडे यांच्यासाठी फवाऱ्याऐवजी ठिबक सिंचन वापरावे.

चौथी सुधारणा स्वयंचलित नियंत्रकाची. हवामानावर आधारित नियंत्रक तापमान, ऊन, वारा आणि पाऊस यांवरून हिरवळीची गरज ठरवितो. दुसऱ्या प्रकारात जमिनीतील ओलावा मोजणारा संवेदक पुरेशी ओल असताना पाणी रोखतो.

साधन पुरेसे नाही

केवळ यंत्र बसविल्याने बचत होतेच असे नाही. उत्तर अमेरिकेतील १२ शहरांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेळ लावून चालणारी स्वयंचलित सिंचन व्यवस्था असलेल्या घरांत बाहेरचा पाणीवापर अशी व्यवस्था नसलेल्या घरांपेक्षा ४७ टक्के अधिक आढळला. हाताने पाइप धरून पाणी देणाऱ्यांचा वापर इतरांपेक्षा ३३ टक्के कमी होता. कॅलिफोर्नियात २,२९४ ठिकाणी बसविलेल्या हवामानाधारित नियंत्रकांचे मूल्यमापन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सरासरी बचत सुमारे सहा टक्के होती आणि सुमारे ४२ टक्के ठिकाणी पाणीवापर उलट वाढला होता. जे रहिवासी पूर्वी हिरवळीला गरजेपेक्षा कमी पाणी देत होते, त्यांच्याकडे यंत्राने पूर्ण गरजेइतके पाणी देण्यास सुरुवात केली. म्हणून मुळात जास्त पाणी वापरणाऱ्या घरांतच असे नियंत्रक लाभदायक ठरतात.

सर्वांत मोठी बचत हिरवळीचे क्षेत्र कमी केल्याने होते. दक्षिण नेवाडा जल प्राधिकरणाच्या २००५ च्या अहवालानुसार हिरवळीला प्रति चौरस फूट वर्षाला सुमारे २७६ लिटर पाणी लागत होते, तर वाळवंटी झुडपांच्या बागेला सुमारे ६५ लिटर. प्राधिकरणाच्या अनुदान योजनेतून २० कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ काढण्यात आली आहे. मात्र हिरवळ काढताना तिच्या पाण्यावर जगणाऱ्या मोठ्या झाडांसाठी स्वतंत्र ठिबकची सोय करावी लागते, अन्यथा सावली देणारी झाडे वाळतात.

भारतातील संदर्भ

भारतातही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने बागकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. चंडीगडमध्ये उद्याने व हिरवळींसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरविण्याची व्यवस्था आहे. महाराष्ट्रात जळगावच्या केळीबागा आणि नाशिकच्या द्राक्षबागा यांमुळे ठिबक सिंचन सर्वपरिचित आहे. पाणी पिकाच्या मुळाशी, गरजेपुरते आणि मोजून द्यावे, हे जे सूत्र शेतकऱ्यांनी स्वीकारले, तेच गृहनिर्माण संस्था आणि बंगल्यांच्या बागांनाही लागू पडते. आधी मोजमाप व दुरुस्ती, नंतर वेळापत्रक, त्यानंतर तोट्या आणि शेवटी यंत्र, या क्रमाने गेल्यास कमी खर्चात अधिक पाणी वाचते. ज्या हिरवळीवर कोणी बसत नाही वा मुले खेळत नाहीत, ती ठेवावी का, हा प्रश्न मात्र या सर्वांच्या आधी विचारावा लागतो.