कर्जत-खालापुरात पाण्यात उतरण्यापूर्वी

पावसाळ्यात कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडून निघणारे बहुतेकजण धबधब्याची निवड छायाचित्र पाहून करतात. बाली किंवा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारे सर्फर मात्र आधी बराच वेळ काठावर बसून समुद्र न्याहाळतात. लाट कोठे फुटते, तळाशी वाळू आहे की प्रवाळ, भरती केव्हा आणि बाहेर कोठून पडायचे, हे ठरल्याशिवाय त्यांची फळी पाण्याला लागत नाही. कर्जत-खालापूरला समुद्र नाही. पण हे प्रश्न येथेही तितकेच लागू पडतात. उत्तरे तेवढी डोंगरात शोधावी लागतात.

भिवपुरी रोड स्थानकाजवळच्या आषाणे-कोषाणे धबधब्याचे पाणी माथेरानच्या डोंगरउतारावरून येते, तर खोपोलीच्या झेनिथ धबधब्याचे घाटमाथ्याकडून. त्यामुळे आपल्या डोक्यावर पाऊस थांबलेला असला, तरी वर तो कोसळत असू शकतो. काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि उतार उभा असतो. परिणामी लोंढा काही मिनिटांत खाली पोहोचतो. स्वच्छ पाणी गढूळ झाले, पाला व काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज बदलला, की सामान गोळा करीत न बसता काठ गाठावा. घाटापलीकडे लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध खडकावर अडकले होते आणि दोन्ही बाजूंचे पाणी वाढत गेले. मधला खडक छायाचित्रासाठी कितीही मोहक असो, त्याला बाहेर पडण्याची वाट नसते.

पेज नदीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि शहरी पर्यटकांना ती क्वचितच ठाऊक असते. टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ पासून चालू आहे. (हे केंद्र भिवपुरी रोड स्थानकापासून बरेच दूर, कर्जतच्या पूर्वेला आहे.) घाटमाथ्यावरील ठोकरवाडी धरणाचे पाणी येथे वीज निर्माण करून पेज नदीत सोडले जाते. मुळात भीमेच्या खोऱ्यातील, पूर्वेकडे जाणारे हे पाणी अशा रीतीने पश्चिमेला उल्हास नदीला मिळते. १९१५ साली सुरू झालेल्या खोपोली केंद्राचे पाणी पाताळगंगेत जाते. म्हणूनच या नद्या मे महिन्यातही वाहतात आणि कर्जतच्या राजनाल्यावरील शेतीला त्यांचा आधार मिळतो. पण विजेची मागणी वाढली की विसर्गही वाढतो. आकाशात ढगाचा मागमूस नसताना नदी चढण्याचे कारण हेच.

कोलाडला कुंडलिकेवरील राफ्टिंग याच तत्त्वावर चालते. भिरा केंद्रातून सकाळी पाणी सुटते आणि होड्या त्या वेळेनुसार निघतात. पेजेच्या काठी डबा खाऊन पाण्यात उतरणाऱ्या मंडळींना अशी वेळ कोणी सांगत नाही. ती काठच्या गावकऱ्यांना विचारावी. पाणी केव्हा चढते हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत असते.

तळाचा प्रश्नही क्षुल्लक नव्हे. कातळी पात्रात रांजणखळगे असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल पडते. पोहता येणाऱ्यालाही फेसाळ पाण्यात तरंगणे कठीण जाते, कारण त्यात हवा मिसळलेली असते. पळसदरीसारख्या तलावांचे संथ पाणी निरुपद्रवी भासते, पण त्याची खोली काठावरून कळत नाही. सोलनपाडा धरणाच्या पायऱ्यांवर शेवाळ साचते, तेथे चप्पल घालूनही पाय टिकत नाही.

दर पावसाळ्यात कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक धबधबे व धरणांवर प्रशासन मनाईहुकूम जारी करते. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघे. जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू आहे. यादी दरवर्षी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी. कोणी वाहून गेल्यास मागोमाग उडी न मारता दोर, ओढणी वा लांब काठी फेकावी आणि ११२ वर कळवावे. दरीत मोबाइलला अनेकदा संपर्क मिळत नाही. तेव्हा एकाने तत्काळ गावाकडे धावावे.