मद्रासची मोजणी शाळा

मद्रासमध्ये 1794 साली ईस्ट इंडिया कंपनीने जमीनमोजणी शिकवणारी शाळा काढली. कल्पना मायकेल टॉपिंग यांची. नुंगमबाक्कमची वेधशाळा दोनच वर्षे आधी त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली होती. मुलूख वाढत होता, नकाशे मात्र नव्हते, आणि मोजणीसाठी विलायतेहून माणसे आणणे फार महाग पडे. तेव्हा टॉपिंग यांनी एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमातली आठ मुले निवडली.

या मुलांपैकी बहुतेकांचे वडील गोरे शिपाई आणि आया इथल्या. अशा मुलांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांची दारे 1791 च्या हुकुमाने बंद झाली होती. अनाथाश्रमात मात्र त्यांना एक वेगळे शिक्षण मिळाले होते. तिथले अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली आणि तीच रीत आपल्याकडे आणली. मोठ्या शिक्षकांनी टाळाटाळ केली, म्हणून मुळाक्षरांचा वर्ग त्यांनी जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलावर सोपवला. पुढे मुलांनीच मुलांना शिकवायचे, रोजच्या कामाची नोंद ठेवायची आणि आपल्या वर्गाचा जबाब आपण द्यायचा, हा शिरस्ता पडला. बेल यांनी 1797 मध्ये लंडनला याचा वृत्तांत छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर गेली. तिचे मूळ हिंदुस्थानातल्या गावशाळांत आहे, हे कंपनीच्या संचालकांनी 1814 च्या खलित्यात मान्य केले. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवरची अक्षरे अशीच गिरवली जात.

मोजणी शाळेत नोंद ठेवण्याची ही सवय कामी आली. तिथे अंकगणित, भूमिती, नकाशा काढणे आणि आकाशातले वेध घेणे शिकवत. टॉपिंग 1796 मध्ये वारले. त्यांच्यामागे जॉन गोल्डिंगहॅम यांनी शाळा सांभाळली. शिकता शिकताच मुले उमेदवार म्हणून मोहिमांवर जात, आणि खरे शिक्षण तिथेच होई. नकाशा एकट्याचा नसतो. एकाने मोजलेल्या पट्ट्याची कड शेजारच्याच्या कडेशी जुळावी लागते. एकाने कोन चुकीचा टिपला, तर त्यावर बेतलेले पुढचे सगळे काम बिघडते. म्हणून जे वाचले ते जागेवरच वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या ठिकाणाहून ताडून पाहायचे, ही शिस्त अटळ होती.

ही शिस्त किती बारीक होती ते 1802 च्या उन्हाळ्यात दिसले. विल्यम लॅम्ब्टन यांनी सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे पुढच्या त्रिकोणांचा आधार असलेली रेषा, मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवायची, उष्णतेने पोलाद किती वाढले ते कळावे म्हणून तापमापक वाचायचा, मग साखळी उचलून पुढे न्यायची, असे चारशे वेळा. लॅम्ब्टन यांच्या हाताखाली मद्रासच्या याच मोजणी शाळेतून आलेला जोशुआ डी पेनिंग तयार झाला आणि पुढे त्यांचा मुख्य आधार बनला. या रेषेवर रचलेली त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत विदर्भापर्यंत आली. लॅम्ब्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

कॉलिन मॅकेंझी यांच्या म्हैसूर आणि पुढे कडप्पा-बल्लारी भागातल्या मोजणीतही याच शाळेची मुले होती. मोठे त्रिकोण आधी पक्के करून आतला तपशील मुलांनी भरायचा, अशी ती रीत. नुसत्या रेषा पुरत नसत. गावे, तळी, पिके यांची माहिती लोकांना विचारून गोळा करावी लागे, आणि ती नकाशासोबतच्या टिपणांत जाई. चुकीचे ऐकलेले गावाचे नाव नकाशावर गेले, की पुढची पिढी तेच वाचते. म्हणून हे विचारणेही मापाइतकेच जोखमीचे होते.

एवढे असूनही हे नकाशे मॅकेंझी आणि लॅम्ब्टन यांच्या नावांनीच ओळखले जातात. ताप अंगावर काढत रानोमाळ हिंडणाऱ्या सहायकांचा पगार तुटपुंजा होता. सामाईक कामात प्रत्येकाकडून चोख नोंद घ्यायची आणि त्याची नोंद मात्र ठेवायची नाही, हा अन्यायच होता.

शाळेचे पुढे स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात रूपांतर झाले. 1920 मध्ये ते गिंडीला गेले आणि 1978 पासून ते अण्णा विद्यापीठाचा भाग आहे.