दक्षिण गंगोत्रीचा शिधा

दक्षिण ध्रुवखंडाचा इतिहास नेत्यांच्या नावांनी सुरू करण्याची वहिवाट आहे. मी हिशेबापासून आरंभ करतो.

१९१० साली निघण्यापूर्वी कॅप्टन स्कॉटला वर्गणीसाठी हिंडावे लागले. तट्टे, कुत्री, घसरगाड्या यांसाठी इंग्लंडातल्या शाळांनीसुद्धा पैसे जमविले. वर्गणीवर संघटना चालविणाऱ्यास ती दगदग कळते. आपली गोष्ट निराळी. जुलै १९८१ मध्ये महासागर विकास विभाग निघाला, तो थेट पंतप्रधान इंदिरा गांधींकडे होता, आणि पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्याआमच्या करांचा. ६ डिसेंबरला डॉ. सय्यद झहूर कासिम २१ जणांची तुकडी घेऊन गोव्याहून निघाले. जहाज मात्र नॉर्वेचे, भाड्याचे: ‘पोलर सर्कल’. ९ जानेवारी १९८२ रोजी ते बर्फावर उतरले. (आपला गडचिरोली जिल्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टातला.)

तेथे जहाज लागते ते उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्च. पुढे समुद्र गोठतो. नद्या वाट अडवितात म्हणून भामरागडकडे पावसाळ्याचे धान्य आधीच पोचवावे लागते, हे आपणांस सांगावयास नको. तेथे हा भरणा वर्षाचा: पीठ, डाळ, औषधे, डिझेल, यंत्रांचे सुटे भाग. एखादा भाग गोव्यातच राहिला, तर गाडी पुढच्या जहाजापर्यंत उभी.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभे राहिले. त्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. त्यांचे नाव झाले, ते योग्यच. पण घराचे भाग जोडणारे हात लष्करी अभियंत्यांचे होते, आणि मागे हिवाळा काढावयास १२ माणसे राहिली. सूर्य दिसेनासा झाला म्हणजे जनरेटर चालविणारा मिस्त्री आणि आचारी यांच्यावरच सर्वांचा जीव. शोधनिबंधावर सहसा त्यांचे नाव नसते. माझ्या मते असावयास हवे.

ते घर तरंगत्या बर्फावर होते, हिमाखाली गाडले गेले, आणि १९९० मध्ये सोडावे लागले. नवे ठाणे ‘मैत्री’ शिर्माखरच्या खडकावर बांधले. पाया पक्का मिळाला, तळ्याचे पाणी मिळाले. परंतु किनाऱ्यापासूनचे अंतर शंभरेक किलोमीटर. डिझेलचा प्रत्येक थेंब पट्ट्यांच्या गाड्यांनी बर्फावरून ओढीत न्यावा लागतो. आता माणसे केपटाऊनहून विमानाने जातात. जड सामान अजूनही जहाजानेच जाते, आणि त्याची जुळवाजुळव वास्को येथील केंद्रातून होते.